समोरच्या भिंतीवरचे पोपट

जळबा सुताराने तिसरी पट्टी भिंतीला टेकवली आणि मान मागे नेऊन तिच्याकडे असं बघितलं, जशी काही ती त्याने स्वतःच घडवली होती. ती हिंगोलीच्या दुकानातून आणलेली होती, यंत्रावर कापलेली, सोनेरी कडेची. आधीच्या दोन खाली पडल्या होत्या, एक प्लास्टिकची आणि एक पांढरीशुभ्र पीओपीची. रुपाला ही तिसरी पसंत पडली. मोबाइलवर तिने बघून ठेवलेल्या घरांमध्ये थेट अशीच होती. तिचा नवरा धम्मानंद मात्र पट्टीकडे बघतच नव्हता. तो उघड्या दारातून बाहेर बघत होता.

बाहेर अंगणात, दारासमोरच्या दगडी फरशीवर, त्याची आई जनकाबाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. तिचे हात चालूच होते, पण मान वर होती.

"तसली नव्हती," ती तिथूनच म्हणाली.

जळबाने पट्टी खाली ठेवली. रुपाने नवऱ्याकडे बघितलं. सोनेरी पट्टीचा विषय तिथेच संपला हे तिला कळलं, आणि पुढचे दोन दिवस स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच वाजली.

घर जुनं होतं. वाडा म्हणावा एवढं मोठं नव्हे. दगडी जोतं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे ओसरी आणि आत एक ऐसपैस माजघर. गावात त्याला अजून माणिकरावांचं घर म्हणत. माणिकराव जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांची बायको सखुबाई लेकीकडे नांदेडला राहायला गेली होती आणि मुलाने घर विकायला काढलं होतं. औंढ्याला एका दवाखान्यात औषधं देण्याच्या नोकरीवर असलेल्या धम्मानंदने ते घेतलं. बुद्धनगरातल्या माणसाने मधल्या गल्लीतलं घर घेतलं म्हणून गावाला काही दिवस बोलायला विषय मिळाला. तोंडावर बहुतेकांनी शाबासकी दिली. पाठीमागे कोण काय म्हणालं ते धम्मानंदने ऐकायला जायचं नाही असं ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी पाळलंही होतं.

मुलाने किल्ली देण्याआधी एक उद्योग मात्र करून ठेवला. माजघराच्या चारी भिंतींना, दाराच्या उंचीवर, सागवानी नक्षीची वीतभर रुंद पट्टी फिरवलेली होती. तिला चांगलं गिऱ्हाईक मिळालं असावं. त्याने ती उपटून नेली. राहिला तो भिंतीवरचा फिकट पट्टा आणि खिळ्यांची भोकं. माजघर दात काढलेल्या तोंडासारखं दिसू लागलं. नक्षी कसली होती म्हणून धम्मानंदने त्याला फोन केला, तर तो म्हणाला की फुलंबिलं असतील काहीतरी, आपण कुठं बघितलं, आपण तर लहानपणापासून होस्टेलला.

पण जनकाबाईला ती नक्षी पाठ होती.

धम्मानंद लहान असताना ती माणिकरावांच्या शेतावर कामाला जायची, आणि शेतात काम नसेल तेव्हा त्यांच्या घरचं धान्य निवडायला, शेंगा फोडायला. संध्याकाळी घरी आली की लेकरं तिच्याभोवती गोळा व्हायची आणि ती त्या घराचं वर्णन करायची. मालकीणबाई मला माजघरात बसवून भाकर वाढतात, वर भिंतीवर पोपट बसलेले असतात, एक पुढे बघतो, एक मागे वळून बघतो, मधी कैरी. पोपटांच्या खाली मोठं घड्याळ, घड्याळाच्या खाली ज्वारीची कणगी. लेकरं पत्र्याच्या घरात अंथरुणावर पडून ते ऐकत आणि आपली आई त्या माजघरात मानाने जेवून येते या समाधानात झोपी जात. धम्मानंदने हे घर घेतलं त्याला कारणं बरीच होती, पण त्यातलं निम्मं कारण ते पोपट होते.

आणि आता घर आपलं झालं होतं, तर आई आत येत नव्हती. रोज सकाळी बुद्धनगरातून यायची, दिवसभर अंगणात काही ना काही करत बसायची, ओसरीवर जेवायची आणि दिवेलागणीला परत निघायची. कधी म्हणायची घरी कोंबड्या झाकायच्या आहेत, कधी गुडघा पुढे करायची, कधी चुन्याचा वास सोसत नाही म्हणायची. धम्मानंदने आग्रह केला की हसायची आणि म्हणायची, येते ना, काम तर होऊ दे. त्याने मनाशी धरून ठेवलं होतं की माजघर तिच्या आठवणीतल्यासारखं झालं की ती आपोआप येईल. ती आली नाही तर या घराला काही अर्थ नाही, असं त्याने रुपाला एकदा स्पष्ट सांगूनही टाकलं होतं. त्यामुळेच सोनेरी पट्टीवर रुपाने फार ताणलं नाही.

जळबा दारं-खिडक्या करणारा सुतार. नक्षीकामाचा त्याला शौक होता, पण सवय नव्हती. गोठ्याच्या पडक्या छपरातली जुनी सागवानी तुळई चिरून त्याने पट्ट्या काढल्या, रंधा मारला आणि पटाशी घेऊन पहिला पोपट कोरला. तो घेऊन तो अंगणात गेला. जनकाबाईने तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली की हा पोपट न्हाई, ही खुडुक बसलेली कोंबडी हाय. जळबा दिवसभर फुगून बसला. दुसऱ्या पोपटाची मान बरी आली, चोच बिघडली. तिसऱ्याच्या वेळी जनकाबाईने डाळीच्या पिठात बोट बुडवून फरशीवर आख्खी नक्षी काढून दाखवली: मागे वळलेली मान, कैरी, कैरीच्या देठाला दोन पानं, आणि पानांच्या टोकाला बारीक पीळ. हात एकदाही अडखळला नाही. जळबा उकिडवा बसून बघत राहिला. नमुना दर वेळी तिच्याकडे अंगणात जायचा, ती कधी आत यायची नाही, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

बाकीच्या तीन भिंतींना काय होतं, असं जळबाने विचारलं तेव्हा ती सूप झटकत होती. जरा वेळाने म्हणाली, "समदीकडं तेच."

समोरची भिंत आधी झाली. पट्टी ठोकून झाल्यावर जळबाने दार पूर्ण उघडलं आणि जनकाबाईला हाक मारली. ती फरशीवरच बसून राहिली आणि तिथून तिने बराच वेळ बघितलं. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली की बराबर हाय. धम्मानंदला वाटलं, आता ही उठेल. ती उठली आणि कोंबड्या झाकायला गेली.

पुढच्या रविवारी जनकाबाई जवळा बाजार गावच्या बाजाराला गेली होती, रुपाही तिच्याबरोबर होती. जळबाची सुट्टी होती. धम्मानंद एकटाच दाराच्या भिंतीवरचा जुना ऑइलपेंट खरवडत होता. दारामागच्या कोपऱ्यात एक जुनी फळी ठोकलेली होती, कंदील ठेवायची असावी. ती त्याने पहारीने उचकटली तर तिच्या मागे जुन्या पट्टीचा हातभर तुकडा तसाच राहिलेला निघाला. विकणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला. धम्मानंद हरखला. त्याने फडक्याने धूळ पुसली.

त्यावर मोर होता. मान वाकवलेला, पिसारा खाली सोडलेला, आणि डोक्यावर द्राक्षाचा घड.

आधी त्याला वाटलं, माय विसरली. वय झालं, होतं असं. तिला दाखवू म्हणून तो तुकडा घेऊन तो बाहेर आला आणि ती येईपर्यंत तिच्याच फरशीवर टेकला. टेकल्यावर त्याने सहज दाराकडे बघितलं. दाराच्या चौकटीत समोरची भिंत दिसत होती, तिच्यावरचे नवे पोपट दिसत होते. उजवी भिंत दिसत नव्हती, डावीही नाही, आणि दाराची भिंत तर दिसणारच नव्हती. तो थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे. पोपट एखाद-दुसरा कमीजास्त झाला, एवढंच.

पोपट, पोपटांखालचं घड्याळ, घड्याळाखालची कणगी. लहानपणी ऐकलेलं सगळं वर्णन समोरच्या एका भिंतीचं होतं. बाकीच्या भिंतींबद्दल तिने कधी एक शब्द काढला नव्हता आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. भाकर तिला कुठे बसवून वाढली जायची, तेही आता कुणी सांगायची गरज उरली नाही. माजघरातली ती जेवणं तिने लेकरांसाठी रचली होती, घरी येताना वाटेत, लेकरांना मान खाली घालून झोपायला लागू नये म्हणून.

धम्मानंदला रडू आलं. त्या घरच्या माणसांचा रागही आला, पण तो टिकला नाही, कारण रागावून आता काय करायचं ते त्याला कळेना. एक मात्र त्याने तिथेच बसून पक्कं केलं. ही गोष्ट आईने सांगितली तशीच राहिली पाहिजे. त्याने मोराचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, स्कूटरच्या डिकीत टाकला आणि रुपालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जळबाला म्हणाला की चारी भिंतींना पोपटच, आणि जरा हात उचल.

पोपट पूर्ण झाले. भिंतींना चुना लागला, पट्टीला तेलपाणी झालं. घरभरणीच्या बुद्धवंदनेला कुणाकुणाला बोलवायचं याचं बोलणं सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात नांदेडहून मिनाचा फोन आला. मिना म्हणजे सखुबाईंची लेक. ते सगळे जवळा बाजारला लग्नाला येणार होते, तर आईला जुनं घर एकदा बघायचं आहे, चालेल का, असं तिने फार नम्रपणे विचारलं. धम्मानंदने रंगाचा वास सांगितला, पसारा सांगितला, पुढच्या महिन्यात या म्हणून सुचवलं. मिना म्हणाली की आईचं आता पुढच्या महिन्याचं काय सांगावं. त्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही.

त्या दिवसापासून त्याचं खाण्यात लक्ष लागेना. सखुबाई त्या माजघरात संसार केलेली बाई. आत पाऊल टाकताच ती विचारणार, मोर कुठे गेले. आणि ते आईच्या समोर, सुनेच्या समोर विचारणार. आई अजून आत यायची राहिली होती. हे झालं तर ती पुन्हा अंगणातसुद्धा पाऊल टाकणार नाही, याची त्याला खात्री होती. त्याने ठरवलं की मोटारीपाशीच सखुबाईंना गाठायचं आणि दोन शब्द सांगून ठेवायचे. कोणते शब्द, ते मात्र ठरेना.

मोटार आली. सखुबाई काठी टेकत उतरल्या. धम्मानंद पुढे झाला आणि म्हणाला की बाई, आत मायनं सांगितल्यासारखं करून घेतलंय. सखुबाईंना ते नीट ऐकूच आलं नाही. त्यांचं लक्ष अंगणाकडे होतं. जनकाबाई फरशीवरून उठून, पदर सारखा करून उभी होती. सखुबाई सरळ तिच्याकडे गेल्या. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, गेलेल्या माणसांची नावं घेतली. बोलणं मोकळं होतं. बघणाऱ्याला वाटावं, शेजारणी आहेत.

ओसरीवर चहा झाला. धम्मानंदची इच्छा, सगळं ओसरीवरच उरकावं. पण सखुबाई काठी टेकून उठल्या आणि माजघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबल्या. समोर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगदी तसेच हायेत की गं मिना," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली. "पण ह्या भितीला तर..."

"बाई, पाणी घ्या," धम्मानंद म्हणाला.

"पेले की आत्ताच."

"मग चहा घ्या अजून थोडा. रुपा, चहा टाक. बाई, तुमी बसा आधी. उभ्यानं त्रास होईल."

तो त्यांच्या आणि दाराच्या मधे असा काही उभा राहिला की मिनाने चमकून त्याच्याकडे बघितलं. रुपा चहाचं पातेलं हातात घेऊन तशीच थांबली. सखुबाई त्याच्या खांद्यावरून आत बघतच होत्या. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि कपाळाला आठी घालून पुन्हा उजवीकडे.

जनकाबाई ओसरीच्या पायरीवर बसली होती. ती उठली. लेकाला हाताने बाजूला सारलं, सखुबाईंच्या शेजारून उंबरा ओलांडला आणि माजघराच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

"त्या भितीला काय होतं ते मला ठाव न्हाई, बाई," ती म्हणाली. "मी आत कवा आले होते? फरशीवर बसून जेवढं दिसायचं तेवढं सांगितलं मी जळबाला."

आवाज नेहमीचाच होता, डाळ किती निवडून झाली हे सांगावं तसा. मिनाने पर्स उघडली आणि त्यात काहीतरी शोधू लागली. रुपा नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा जमिनीकडे. सखुबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मोर होते," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "बाकीच्या तिन्ही भितींना."

"असतील. तुमच्या घरात मोर होते. आमच्या घरात पोपट हायेत." जनकाबाईने कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि पदराने पुसली. "आत या, बाई. बसा."

सखुबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत आल्या. खुर्ची दाराकडे तोंड करून लागली होती. तिथून अंगण दिसत होतं, अंगणातली फरशी दिसत होती, फरशीवर ठेवलेलं सूप दिसत होतं. सखुबाई त्याकडे बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी विचारलं की तिथून पानाचा पीळसुद्धा दिसायचा का. जनकाबाई म्हणाली की रोज बघितलं की दिसतं. मिनाने लग्नातल्या जेवणाचं सांगितलं, रुपाने दुसरा चहा आणला आणि तो सगळ्यांनी घेतला. निघताना सखुबाई जनकाबाईसमोर थांबल्या आणि "येते गं" एवढंच म्हणून त्या मोटारीत बसल्या.

मोटार गेल्यावर धम्मानंद परत आला तर आई माजघरातच होती, त्याच खुर्चीवर.

"तुला ठाव होतं," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली.

"त्या बाईला पाण्याचा एवढा आग्रह करून राहिला होतास, तवाच कळलं मला. मग बोलला काहून न्हाईस?"

"तू बोलली न्हाईस म्हणून."

तुमी लहान होता, जनकाबाई म्हणाली, रोज विचारायचा, माय तिथं काय खाल्लंस, कुठं बसलीस. पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, मग दुसऱ्या दिवशी तेच सांगावं लागलं. पुढं पुढं तर मलाच खरं वाटायला लागलं. घर घेतलंस अन् पंचाईत झाली. उंबऱ्यात आले की वाटायचं, आता लेक विचारणार, माय तू कुठं बसायचीस दाखव.

धम्मानंद तिच्या पायाशी जमिनीवर बसला. बाहेर दिवेलागणीची वेळ झाली होती. रुपाने आत येऊन दिवा लावला आणि, रोजच्यासारखंच, विचारलं की आत्या, तुम्हाला बुद्धनगरापर्यंत सोडायला येऊ का.

"आज न्हाई जात," जनकाबाई म्हणाली. "कोंबड्या झाकायला शेजारणीला फोन लाव. अन् अंथरूण काढ एक."

रुपा पटकन आत गेली. तिला हसू आवरत नव्हतं. धम्मानंदने विचारलं की कोणत्या भिंतीला टाकू. जनकाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि मान वर करून भिंतीच्या कडेकडेने चालू लागली. उजवी भिंत झाली, मागे वळून डावी झाली. दाराच्या भिंतीपाशी, जुन्या फळीच्या त्याच कोपऱ्यात, ती थांबली आणि डोळे बारीक करून वर बघत राहिली.

"धम्मा, हिकडं ये," ती म्हणाली. "ह्याची चोच बघ किती जाड झाली. उद्या जळबाला बलाव."

"बलावतो," तो म्हणाला.